‘कानगोष्ट’ बंद पडली त्या दिवशी

“म्हणजे सांगणार नाही तुम्ही?”

कौस्तुभ अहिररावने पुन्हा विचारले.

सोमगीर बाबा मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूच्या ढिगात ठेवले.

“सांगितला होता एकदा,” ते म्हणाले.

“विसरलो म्हणून तर आलोय.”

“हं…”

पुण्याहून रात्रभर गाडी चालवत तो आला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, काखेत लॅपटॉप. तो लॅपटॉप त्याने खाली ठेवलाच नव्हता.

सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी हा मठ आहे. एक समाधी, एक ओसरी, स्वयंपाकघर, चिंचेखाली पाण्याची टाकी. टाकीवर देणगीदाराचे नाव देवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. अनुग्रह घ्यायला येणाऱ्याच्या कानात बाबा मंत्र सांगतात. एकदाच. तो लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही. सांगितला तर सांगणाऱ्याकडचा संपला. त्याने पुन्हा तो म्हणायचा नाही आणि आधी म्हटलेलाही हिशेबात धरायचा नाही. दुसरा मंत्र इथे मिळत नाही.

ही रीत कोणी घालून दिली हे कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे ती मोडायची परवानगी कुणाकडे मागावी हेही कुणाला ठाऊक नाही.

कौस्तुभने कॉलेजात असताना अनुग्रह घेतला होता. आईने परीक्षेच्या तोंडावर हात धरून आणले होते. पुढे तो पास झाला, मोठा झाला, आणि त्याने ‘कानगोष्ट’ काढली.

‘कानगोष्ट’ म्हणजे फोनवरून निरोप पाठवायची सोय. निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. मधे कोणालाही तो वाचता येत नाही. खुद्द कौस्तुभलाही नाही. याचा त्याला फार अभिमान होता.

तक्रारी यायच्या. कुणी नवा फोन घेतला की जुने सगळे बोलणे नाहीसे व्हायचे. कुणाला निरोपाच्या जागी ‘हा निरोप उघडता येत नाही’ एवढेच दिसायचे. कुणाला कळवले जायचे की समोरच्याची ओळखखूण बदलली आहे. मग आपण बायकोशीच बोलतो आहोत ना, या शंकेने तो माणूस आठवडाभर जेवायचा नाही. या सर्वांना एकच उत्तर जाई. ते कौस्तुभने स्वतः लिहिले होते: ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. आपली किल्ली आमच्याकडे नाही. हीच आपली सुरक्षितता आहे.’

उत्तर उत्तम होते. ते वाचून झाले की तक्रार करणाऱ्याला चूक आपलीच असावी असे वाटू लागे.

आदल्या संध्याकाळी ‘कानगोष्ट’ बंद पडली.

यंत्रे दुरुस्त झाली. पण पुन्हा सुरू करताना त्यांनी एक वाक्य मागितले. मुख्य किल्लीचे वाक्य. इतक्या वर्षांत यंत्रे कधी बंदच पडली नव्हती, त्यामुळे ते वाक्य कधी लागलेच नव्हते.

ते वाक्य म्हणजे बाबांनी दिलेला मंत्र.

त्या वेळी ही कल्पना त्याला फार आवडली होती. कुठे लिहिलेला नाही, कुणी ऐकलेला नाही, कोणत्याही पुस्तकात नाही. चोराने शोधायचा म्हटला तर कुठे शोधणार? भागीदार म्हणाले होते, वाक्याचे तीन तुकडे करू, तिघांकडे ठेवू. तो म्हणाला होता, तिघांना ठाऊक असते त्याला गुपित म्हणत नाहीत.

जप त्याने परीक्षेचा निकाल लागताच सोडला होता.

रात्रीपासून त्याने आठवेल तसा तो मंत्र यंत्राला सांगून पाहिला होता. यंत्र नाही म्हणत होते. आणखी दोनदा चुकले की ते सगळे पुसून टाकणार होते. हा नियमही त्याचाच.

“किती माणसं आहेत तुझी?” बाबांनी विचारले.

“सात लाखांच्या वर.”

“सगळी गप्प?”

“निरोप जातायत, पोचत नाहीत. निरोपाखाली एक खूण दिसते. पोचला की दुसरी येते. ती येत नाहीये.”

“म्हणजे पाठवणाऱ्याला वाटणार, तिकडचा मुद्दाम बोलत नाही.”

“हो ना! रात्रीत निम्म्यांची भांडणं झाली असतील.”

“निम्म्यांची मिटली असतील,” बाबा म्हणाले.

कौस्तुभला हसू आले नाही.

“बाबा, चेष्टा नको. माझी सगळी उमेद यात गेलीय. संध्याकाळी लोकांसमोर उभं राहायचंय मला. उद्या पेपरात नाव येईल. तुमच्या लक्षात आहे ना तो मंत्र?”

“आहे.”

“मग? माझाच आहे तो. माझी वस्तू मी परत मागतोय.”

“तुझ्याकडे तक्रारी घेऊन येतात, ते काय मागतात?”

“त्यांची किल्ली माझ्याकडे खरोखरच नसते.”

“असती तर दिली असतीस?”

…

बाबांनी आणखी एक शेंग फोडली. आतला दाणा किडका निघाला. तोही त्यांनी नीट पाहून टरफलांत टाकला.

कौस्तुभने दुसरी बाजू धरली. “मला एक सांगा. इथे शेकड्यानं लोक येऊन अनुग्रह घेऊन जातात. प्रत्येकाचा मंत्र लक्षात ठेवता तुम्ही?”

“एकच तर आहे.”

“एकच म्हणजे?”

“सगळ्यांना तोच दिलाय.”

कौस्तुभ उभा राहिला. काखेतला लॅपटॉप पडता पडता वाचला.

“सगळ्यांना एकच? बाबा, हे… हे किती धोक्याचं आहे कळतंय का तुम्हाला? म्हणजे इतकी वर्षं माझं यंत्र इथल्या कुणालाही उघडता आलं असतं? त्या झिपरू अण्णालासुद्धा?”

“मनात आणलं असतं, तर.”

“आणि मी सांगत सुटलो होतो की जगात कुणाकडे…”

“तू सांगत होतास,” बाबा म्हणाले. “ते कुणाला सांगत नव्हते.”

कौस्तुभने लॅपटॉप पुन्हा काखेत घट्ट धरला. मग त्याच्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला, आणि चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच रंग आला.

“मग मी कुणालाही विचारू शकतो.”

“विचार की.”

झिपरू अण्णा टाकीजवळ पंपाचा नट आवळत होते. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून मठाची पडेल ती कामे करतात. समाधीसमोर गर्दी झाली की अजूनही ‘पुढे सरका, मागं जागा नाही’ असे ओरडतात.

“अण्णा, तुमचा मंत्र सांगता?”

अण्णांनी पान्हा खाली ठेवला.

“चहा झाला का रे तुझा?”

“अण्णा, गंमत नाही करत. माझाही तोच आहे. सगळ्यांचा एकच आहे.”

“कोण म्हणतं?”

“बाबा म्हणतात.”

“तुझी समजूत घालायला म्हणाले असतील.” अण्णांनी आवाज खाली आणला. “हे बघ भाऊ, मला बाबांनी माझी प्रकृती बघून दिलाय. पित्ताची आहे. तुझा साधा असेल. माझा जड आहे.”

“एकदा म्हणून तर बघा, मी ओळखीन.”

“बरा आहेस की! तू ओळखशील आणि माझा जाईल.” त्यांनी पान्हा पुन्हा उचलला. “पुढे सरक.”

कौस्तुभचा फोन वाजला. साधा फोन. त्याने पाहिले, तोडला.

सुपडू शेठ समाधीपुढे फुले वाहत होते. किराण्याचे दुकान मुलाकडे देऊन ते रोज सकाळी इथे येतात. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“सगळ्यांचा एकच असेल,” ते म्हणाले. “मी नाही म्हणत नाही. बाबा खोटं कशाला बोलतील?”

“मग सांगा ना, शेठ!”

“सगळ्यांचा एकच असेल. माझा सोडून.”

फोन पुन्हा वाजला. त्याने पुन्हा तोडला.

उन्हे ओसरीच्या पायरीपर्यंत आली. मठात सकाळपासून असलेल्या सगळ्यांना विचारून झाले. एक म्हणाला, मला आठवत नाही. तो आठवत असल्यासारखा घाईने निघून गेला. एकीने तर कानांवर हात ठेवले, जणू मंत्र कानांतून सांडणार होता. गुपित सगळ्यांकडे होते आणि एकेकट्याचे होते. असे कुलूप कौस्तुभने कधी पाहिले नव्हते.

उरल्या देवरे बाई.

यमुनाबाई देवरे सटाण्याच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या शाळेत घंटा त्यांना विचारून वाजत असे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोटी जपाचा संकल्प सोडला आणि मठातच एक खोली घेऊन राहिल्या. बोटात जप मोजायचे छोटे यंत्र. अंगठ्याने दाबले की आकडा एकाने पुढे. येत्या पौर्णिमेला कोटी पुरा होणार होता. सुपडू शेठांनी पेढे सांगितले होते. झिपरू अण्णांनी अभिनंदनाच्या फलकाचा मजकूर तयार ठेवला होता. त्यात बाईंचे नाव जरा लहान आणि ‘शुभेच्छुक’ जरा मोठे होते.

संकल्प सोडल्यापासून बाई कुणाशी बोलत नसत. रागवायचे असेल तेवढ्यापुरत्याच थांबत. एरवी कुणी काही विचारले की एक बोट वर करत: जप चालू आहे. मुलीचा फोन आला तरी तेच. फोनवर बोट दिसत नाही, हे मुलीने एकदा सांगून पाहिले होते. पुढे तिने फोन करणे सोडले.

बाई खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. अंगठा चालू होता.

“सकाळपासून सगळ्यांना काय विचारत फिरतोयस ते ऐकलंय मी,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे शेवटी आलास.”

“हो बाई.”

“भीती वाटली?”

“हो बाई.”

“ठीक आहे. माझाही तोच आहे, असं तुझं म्हणणं?”

“बाबांचं.”

अंगठा थांबला.

“झिपरूलाही तोच?”

“हो.”

बाई समोरच्या डोंगराकडे बघत राहिल्या…

“मला सांगायच्या आधी बाबा बराच वेळ डोळे मिटून बसले होते,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, माझ्यासाठी निवडतायत.”

तेवढ्यात फोन वाजला. कौस्तुभ तो तोडायला गेला.

“उचल.”

“तक्रार आहे बाई. रात्रीपासून एक बाई सारखी…”

“उचल म्हटलं ना. आणि मोठ्यानं लाव. मला कमी ऐकू येतं.”

त्याने उचलला.

“लागला एकदाचा!” पलीकडे एका बाईचा आवाज होता, बसलेला. “साहेब, मी तांबोळी बोलते. घर सोडून आलेल्या बायकांसाठी आम्ही एक घर चालवतो. तुमच्या ‘कानगोष्ट’वरच बोलतो आम्ही सगळ्या. नवऱ्यांना वाचता येत नाही म्हणून.”

“हां, हां… ताई, आमचं काम चालू आहे.”

“काल संध्याकाळी एक जण निघाली घरातून. लेकीला घेऊन. आमचं ठरलेलं असतं, संधी मिळाली की निघायचं, मिळेल त्या गाडीत बसायचं आणि आम्हाला कळवायचं. मग आम्ही सांगतो कुठं उतर, कुणाला भेट. तिचा ‘निघाले’ एवढा निरोप आला आणि तुमचं बंद पडलं.”

“तिला साधा फोन करा ना.”

“नंबर कुठाय आमच्याकडं? नंबर लागतच नाही, असं तुम्हीच जाहिरातीत म्हणता. म्हणून तर तुमचं घेतलं आम्ही. आमचा पत्ताही तिच्याकडं नाही, आम्ही आधी कुणालाच देत नाही. कुठल्या तरी स्टँडवर बसली असेल ती पोरीला घेऊन. तिला वाटत असेल, बोलावलं आणि आता बोलत नाहीत. मग ती घरीच जाईल ना साहेब? आणि या वेळी घरी गेली, तर…”

पुढचे ती बोलली नाही.

“किती वेळ लागेल, तेवढं सांगा.”

“ताई, आपली गैरसोय आम्ही…”

कौस्तुभ थांबला. वाक्य पाठ होते. पुढचे शब्द तोंडात तयार होते. बाई त्याच्याकडे बघत होत्या.

“करतो, ताई,” तो म्हणाला. “करतो काहीतरी.”

फोन बंद झाला. अंगणात पंपाचा आवाज तेवढा येत होता.

“कुठे असेल ती आत्ता?” बाईंनी विचारले.

“सांगता येत नाही.”

“तुझ्या यंत्रालाही?”

“यंत्र केलंयच तसं. कोण कुठं आहे, काय बोलतंय, आम्हाला काही कळू नये म्हणून.”

“चांगलं केलंयस.”

ही शाबासकी होती की नाही, ते आवाजावरून कळले नाही.

“तिच्या फोनवर काय दिसत असेल?”

“तिनं जे काय पाठवलं असेल ते… आणि त्याच्याखाली एक खूण.”

“दुसरी नाही.”

“नाही.”

“म्हणजे ती हाका मारतेय. गेल्याचं दिसतंय, पोचल्याचं दिसत नाही.”

“हो.”

बाईंनी बोटातल्या यंत्राकडे पाहिले. भलामोठा आकडा होता, कोटीच्या उंबऱ्याशी आलेला.

“माझा चुकीचा निघाला तर?”

“आणखी एक प्रयत्न उरेल.”

“आणि बरोबर निघाला तर?”

“सगळं सुरू होईल.”

“दोन्हीकडून माझा संपणार.”

रीत कौस्तुभलाही ठाऊक होती. आकडाही दिसत होता. सकाळपासून त्याने अनेकांकडे हेच मागितले होते आणि प्रत्येकाच्या नकाराचा त्याला राग आला होता. आता समोरची बाई हो म्हणायच्या बेतात आहे असे दिसले, आणि तो खुर्चीपासून एक पाऊल मागे सरला.

“बाई, नको,” तो म्हणाला. “राहू द्या. मी बाबांच्या पाया पडतो पुन्हा. दुसरं कुणी तरी…”

“इतका वेळ मागत होतास आणि आता नको म्हणतोस?”

“तुमची सगळी वर्षं आहेत त्यात.”

“मला ठाऊक आहे त्यात काय आहे.” बाईंनी ते यंत्र बोटातून काढले. ते घट्ट बसले होते. खाली कातडीवर पांढरा पट्टा पडला होता. “बडबड पुरे. कान इकडे कर.”

तो खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. बाई वाकल्या.

सांगायला फार वेळ लागला नाही. तेवढ्या वेळात कौस्तुभचा चेहरा मात्र दोनदा बदलला. पहिल्यांदा ओळख पटल्यासारखा झाला. मग लाजल्यासारखा.

त्याने तिथेच जमिनीवर मांडी घालून लॅपटॉप उघडला. एकेक अक्षर बघून लिहिले. शेवटची कळ दाबायच्या आधी त्याने बाईंकडे पाहिले. त्या डोंगराकडे बघत होत्या.

त्याने कळ दाबली.

…

पुण्याहून फोन आला. “सर! आलं! सुरू झालं सगळं! काय केलंत?”

“नंतर,” कौस्तुभ म्हणाला.

त्यानंतर त्याने स्वतः तांबोळी ताईंना फोन लावला. रात्रीपासून इतके फोन त्यांनी केले होते. हा त्याचा पहिला.

“थांबा साहेब, बघते… गेलंय. एक खूण आहे. एकच आहे अजून…” पलीकडे कुणाकुणाचे आवाज येत होते. मग एकदम शांत झाले. मग ताई वाचू लागल्या, सावकाश, एकेक शब्द. “‘स्टँडवरच आहे. पोरगी झोपलीय. पोलीस चौकीजवळच्या बाकावर आहे. येताय ना?’”

कौस्तुभने फोन कानाला तसाच धरून ठेवला. ताई कधीच तो ठेवून कामाला लागल्या होत्या.

वळून पाहिले तर खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या हातावर जप मोजायचे यंत्र पडले होते. बाईंनी जाताना बटण दाबून ठेवले होते. आकड्याच्या जागी शून्य होते.

तो तडक ओसरीवर आला.

बाबांच्या शेंगा एव्हाना संपत आल्या होत्या. सुपात दाणे थोडे होते, टरफलांचा ढीग मोठा होता.

“झालं सुरू?” बाबांनी विचारले.

“झालं.” त्याचा आवाज चढला होता. “देवरे बाईंनी सांगितला. त्यांचा कोटी जप गेला, बाबा! पौर्णिमेला पुरा होणार होता. शून्य केला त्यांनी, स्वतःच्या हातानं!”

“हं…”

“तुमच्या लक्षात होता. तुम्हाला सकाळीच सांगता आला असता. तुमचं काय जाणार होतं? आणि ती बाई रात्रभर लेकीला घेऊन स्टँडवर बसली होती. तिचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?”

“तिचं नाव सकाळी काढलं नव्हतंस तू.”

सकाळी आपण काय काय सांगितले होते ते कौस्तुभला आठवले. यंत्र, मेहनत, संध्याकाळची सभा, उद्याचा पेपर. सात लाखांचा आकडाही सांगितला होता. त्या सात लाखांत ती होती.

तो पायरीवर बसला. लॅपटॉप पहिल्यांदाच खाली ठेवला.



“माझं चुकलं,” तो म्हणाला. “पण माझ्या चुकीचं त्यांनी का भरावं? बाबा, रीत तुमचीच आहे. मोडा एकदा. त्यांना दुसरा मंत्र द्या. नाहीतर तोच परत द्या. माझ्याकडचा काढून घ्या हवं तर.”

बाबांनी मान हलवली. हो की नाही, ते कळण्यासारखे नव्हते.

टाकीकडून आवाज येत होता. देवरे बाई पायरीवर बसल्या होत्या आणि झिपरू अण्णांना काहीतरी विचारत होत्या. अण्णा हातात पान्हा घेऊन उभे होते. बाई आपल्याशी रागवण्यासाठी बोलत नाहीत, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागत होता.

“…पण गाडी घाटात बंद पडली म्हणजे तुम्ही करायचात काय?”

“करणार काय? उतरवायचं सगळ्यांना, धक्का मारा म्हणायचं.”

“आणि तिकिटाचे पैसे?”

“धक्क्याचं तिकीट नसतं, बाई.”

बाई हसल्या. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. समाधीपुढचे सुपडू शेठ दचकून वळले. बाईंना हसता येते ही माहिती मठात कुणालाच नव्हती.

कौस्तुभ ऐकत राहिला. मग त्याने पुन्हा तेच विचारले, पण आता आवाजात राग नव्हता.

“तरी तुम्ही का नाही सांगितलात, बाबा?”

बाबांनी शेवटची शेंग फोडली आणि दाणे त्याच्या हातावर ठेवले.

“मी सांगितला असता,” ते म्हणाले, “तर तुझं तेवढं सुरू झालं असतं.”